मधल्या माणसाचा सारांश

‘डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, शंका मनात ठेवू नका’ अशा आशयाचे फलक आता बहुतेक दवाखान्यांच्या भिंतींवर दिसतात. वाक्य शुद्ध असते, अक्षर सुवाच्य असते, हेतूही चांगला असतो. अडचण एवढीच की ज्यांना हे सांगायचे त्यांतील कित्येकांना ते वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येते त्यांना ‘मोकळेपणाने’ म्हणजे नेमके कोणत्या भाषेत, हा प्रश्न पडतो. नंदुरबार जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करताना या प्रश्नाकडे आम्ही बराच काळ आरोग्यखात्याची बाब म्हणूनच पाहत होतो. तो आमच्या विषयाचा प्रश्न आहे, किंबहुना आमच्या विषयाने तो काही अंशी निर्माणच केला आहे, हे आमच्या लक्षात आले ते एका विद्यार्थ्यामुळे.

हा विद्यार्थी धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. घरात पावरी बोलणारा, पदव्युत्तर वर्गात मराठी शिकणारा, कुटुंबातला पहिलाच पदवीधर. त्याची मावशी आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन एका दवाखान्यात गेली (दवाखान्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही, तो कोठलाही असू शकला असता). मुलाचे हातपाय दुखत होते, अंग तापलेले होते. डॉक्टरांना पावरी येत नव्हती आणि मावशीला मराठी जेमतेम कळत होती. म्हणून भाचा मध्ये उभा राहिला. डॉक्टरांनी विचारले, “काय होतंय?” मावशी बोलू लागली आणि चांगली चार-पाच मिनिटे बोलत राहिली. तिचे संपल्यावर भाच्याने डॉक्टरांना सांगितले, “हातपाय दुखतात म्हणते.” डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या खेपेलाही हेच घडले. तिसऱ्या खेपेला योगायोगाने एक पावरी जाणणारी सिस्टर शेजारी उभी होती. तिने मावशीचे बोलणे पुरते ऐकले आणि डॉक्टरांना म्हणाली, “सर, याची सिकलसेलची तपासणी करून बघू या.”

मावशी त्या चार-पाच मिनिटांत काय सांगत होती? मूल मांडीवर होते तेव्हाच त्याचे हात आणि पावले सुजत. पहिल्या पावसात भिजले, थंडीत नदीत खेळून आले, की दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळे. त्याच्या आधीचा मुलगा असाच दुखण्यात गेला. माहेरच्या घरातही एक पोर असेच कण्हत वाढले. सिकलसेलची थोडीफार माहिती असलेल्या कोणालाही यातील प्रत्येक वाक्याने सावध केले असते. तान्हेपणी हातापायांना येणारी सूज, गारठ्याने उठणाऱ्या वेदना, कुटुंबातील तसेच दुसरे मूल: निदानाची सारी सामग्री त्या कथनात होती. ‘हातपाय दुखतात’ या दोन शब्दांत ती नव्हती.

आम्ही विद्यार्थ्याला विचारले, सगळे का सांगितले नाहीस? तो म्हणाला, “सर, ती फार लांबण लावत होती. डॉक्टर घाईत होते. मी मुद्द्याचं तेवढं सांगितलं.” आणि मग थोडे थांबून, “सारांश काढला.”

हा शब्द आमच्या जिव्हारी लागला. कारण सारांश काढायला त्याला आम्हीच शिकवले होते. मूळ उताऱ्याच्या एक-तृतीयांश, पाल्हाळ टाळून, उदाहरणे गाळून, आपल्या शब्दांत आणि प्रमाण भाषेत. उत्तम सारांशलेखनाला आम्ही पूर्ण गुण देतो. मावशीचे कथन आमच्या कसोटीवर ‘पाल्हाळ’ होते, त्यातील भाऊ, पाऊस, नदी, माहेर ही ‘उदाहरणे’ होती आणि भाच्याने ती नियमाप्रमाणे गाळली. शिवाय त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती, आणि ती त्याने नंतर खाली मान घालून सांगितली: डॉक्टरांसमोर मावशीच्या बोलण्याची त्याला लाज वाटत होती. ही लाजही त्याला शाळा-महाविद्यालयातच मिळाली असणार. घरातून ती मिळण्याचे कारण नाही.

असो. आता प्रश्नाचा विस्तार पाहू. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतील सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे, आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे 64 टक्के, म्हणजे त्या वेळी राज्यात सर्वांत कमी. सहा तालुक्यांच्या या प्रदेशात पावरी, मावची, देहवाली, वसावी अशा भिली गटातील अनेक बोली आहेत. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी आहेत. बाजारपेठेत गुजराती-हिंदी आहे. ऊसतोडीसाठी माणसे दक्षिण गुजरातेत उतरतात आणि तेथे आजारी पडली तर तिसऱ्याच भाषेतल्या डॉक्टरांसमोर उभी राहतात. देशभरात भिली-भिलोडी बोलणाऱ्यांची संख्या 2011 मध्ये एक कोटीहून अधिक नोंदली गेली. पण ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि दवाखान्याच्या केसपेपरवर तर नाहीच नाही. सातपुड्याच्या कित्येक पाड्यांवरून आजही रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. एवढा डोंगर उतरून आलेला माणूस डॉक्टरांच्या टेबलासमोर येतो आणि तेथे त्याच्या हाती उसन्या भाषेतील चार शब्द असतात. त्याला ‘आत्मविश्वासाने बोला’ असे सांगणे, हे पोहता न येणाऱ्याला ‘निर्धास्त उडी मारा’ असे सांगण्यासारखे आहे.

वेदनेला भाषा अपुरी पडते, हे साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. व्हर्जिनिया वुल्फने आजारपणावरील 1926 च्या निबंधात इंग्रजीबद्दल हीच तक्रार केली आहे: प्रेमात पडलेल्या मुलीसाठी थोर कवींची भाषा तयार आहे, पण डोके दुखणाऱ्याला डॉक्टरांसमोर शब्द सुचत नाहीत, असा तिचा आशय. मराठीला, निदान बोलल्या जाणाऱ्या मराठीला, ही तक्रार तितकीशी लागू पडत नाही. कळ, ठणका, चमक, सणक, उसण, मुरडा, पेटका, कणकण, ठसठस, भगभग, चुरचुर, तिडीक. डोके जड होते, डोके गरगरते, डोके फुटते. पाय भरून येतात, गळून जातात, त्यांना मुंग्या येतात. पोटात गोळा उठतो, खड्डा पडतो, ढवळते. यांतील एकही शब्द दुसऱ्याचा पर्याय नव्हे. ‘ठसठस’ म्हटले की पू धरलेले गळू डोळ्यांपुढे येते, ‘चमक’ म्हटले की क्षणात येऊन जाणारी कळ, ‘कणकण’ म्हटले की अजून न चढलेला ताप. आमच्या आजीला आपल्या दुखण्याचे वर्णन करता येत असे, कारण तिच्याजवळ हे शब्द होते आणि तिच्या वैद्याजवळही ते होते. आज आम्ही सुशिक्षित माणसे डॉक्टरांना ‘पेन होतंय’ म्हणून सांगतो. एका समृद्ध शब्दकळेची जागा एका परक्या, सपाट शब्दाने घेतली आणि आम्हाला ती प्रगती वाटली.

भिली बोलींजवळ अशी शब्दकळा नसेल, असे मानण्यास कसलाच आधार नाही. ती कोणी गोळा करून डॉक्टरांच्या हाती दिलेली नाही, एवढेच. गडचिरोलीत हे काम झाले आहे, आणि तेथून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी करून लिहिलेला त्यांचा निबंध 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. मात्र पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ 8 टक्के. या दोन आकड्यांमधले अंतर हे केवळ रस्त्यांचे वा पैशांचे अंतर नाही. न सांगितल्या गेलेल्या, सांगता न आलेल्या आणि कोणी न विचारलेल्या गोष्टींचे ते अंतर आहे. राणीताईंनी पुढे बायकांचे स्वतःच्या शरीराविषयीचे शब्द, समजुती आणि अनुभव त्यांच्याकडूनच ऐकून लिहिले. त्या पुस्तकाचे नाव ‘कानोसा’. सर्चचा दवाखानाही आदिवासींना विचारून, त्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. रुग्णाला बोलते करण्याचे सारे उपाय रुग्णावरच करायचे नसतात, हा या कामाचा धडा आहे.

किंबहुना हे सूत्र आपल्याकडे फार जुने आहे. 1883 मध्ये सेरामपूर येथील भाषणात आनंदीबाई जोशी यांनी आपल्या अमेरिकेस जाण्याचे जे समर्थन केले, त्याच्या मुळाशी हेच होते: या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टर हवेत. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी ‘स्त्रियांनी संकोच सोडावा’ असा उपदेश केला नाही. ज्याच्यासमोर बोलता येईल असा ऐकणारा स्वतःच होण्याचे त्यांनी ठरवले. आयुर्वेदानेही दर्शन आणि स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्न हे परीक्षेचे तिसरे अंग मानले. प्रश्न विचारणे हे वैद्याचे काम ठरल्यावर उत्तर देता येईल अशी स्थिती निर्माण करणे हेही त्याच्याच कामात मोडते.

शब्दांच्या अडचणीत व्याकरणाची अडचण मिसळते, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. सातपुड्यातील आमचे पुष्कळ लोक मराठी बोलताना सर्वांना ‘तू’ म्हणतात. मास्तरांना, तलाठ्याला आणि डॉक्टरलाही. त्यात अनादर नसतो, जसा आपण आईला किंवा देवाला ‘तू’ म्हणताना नसतो. शहरातून आलेल्या तरुण डॉक्टरला मात्र हा ‘तू’ बोचतो. तोच डॉक्टर साठीच्या म्हाताऱ्याला ‘तू’ म्हणतो तेव्हा त्या ‘तू’ मध्ये कोणती आई आणि कोणता देव असतो? एकच सर्वनाम दोन दिशांनी जाताना दोन अर्थ घेते आणि म्हाताऱ्याला त्यातला दुसरा अर्थ बरोबर कळतो. ‘हो’ या शब्दाचेही असेच. “गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, कळलं?” “हो.” “पंधरा दिवसांनी यायचं, कळलं?” “हो.” हा ‘हो’ म्हणजे ‘समजले’ नव्हे, ‘तुझा आवाज ऐकू आला आणि तुझा मान राखला’ एवढाच त्याचा अर्थ. ‘कधीपासून दुखतंय?’ याला ‘भोंगऱ्या बाजारापासून’ असे उत्तर आले तर ते मोघम नसते. भोंगऱ्या होळीच्या आधी भरतो. ज्याला तो ठाऊक आहे त्याच्यासाठी ही तारीखच आहे. केसपेपरवर मात्र ती लिहिली जात नाही. तेथे ‘बरेच दिवस’ असे लिहिले जाते आणि मग म्हटले जाते की या लोकांना नीट सांगता येत नाही.

आमची प्रमाण मराठीही या गोंधळात आपली भर घालते. सिकलसेलचेच घ्या. ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळाले, त्याला आजार नसतो. पण तो ते पुढच्या पिढीला देऊ शकतो. त्याच्यासाठी आम्ही शब्द योजला ‘वाहक’. हा शब्द आमच्या लोकांना ठाऊक आहेच, तो एसटीच्या गाडीत लिहिलेला असतो: चालक आणि वाहक. तिकीट देणारा तो वाहक. ‘तू वाहक आहेस’ असे ऐकल्यावर एखाद्या तरुणाने काय समजावे? दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याच्या वेळी ते सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. ही ‘प्रत्येक वेळी’ची अट समजावणे सुशिक्षितांनाही सोपे नाही, ‘तीन मुले झाली, आता चौथे नक्की आजारी’ असे गणित शहाणी माणसेही मांडतात. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासण्या होतात, कार्डे दिली जातात. पण कार्डावरच्या एका शब्दाचा अर्थ पाड्यावर काय पोहोचला, यावर एका मुलीचे लग्न मोडते की राहते हे ठरणार असेल, तर त्या शब्दाची जबाबदारी प्रयोगशाळेची की भाषेची? ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे ऐकून आनंदलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यावर हसण्याचा अधिकार आम्हाला नाही.

डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे एकतर्फी फिर्याद होईल. 1984 मध्ये अमेरिकेतील बेकमन आणि फ्रँकेल यांनी 74 भेटींचा अभ्यास केला. रुग्ण बोलू लागल्यापासून डॉक्टरांनी त्याला अडवेपर्यंत सरासरी 18 सेकंद गेले होते. ती समृद्ध देशातील गोष्ट. 2017 मध्ये 67 देशांची माहिती एकत्र करणारा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील भेटीचा सरासरी काळ सुमारे दोन मिनिटे निघाला. बाहेर रांग असते, नोंदवह्या भरायच्या असतात, वरून आकड्यांची मागणी असते, आणि दुर्गम केंद्रावरचा डॉक्टर पुष्कळदा स्वतःच एकटा, परका आणि पंचविशीतला असतो. त्याला पावरी येत नाही हा त्याचा गुन्हा नव्हे. ती त्याला कोणी शिकवलीच नाही. 2019 पासून वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे, आणि सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासात स्थानिक भाषेलाही जागा आहे. 2020 मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आता प्रश्न असा की नंदुरबारातील ‘स्थानिक भाषा’ कोणती? ती केवळ मराठी, असे उत्तर कागदावर सोयीचे असले तरी रुग्णाच्या रांगेत ते टिकत नाही.

कायद्याने रुग्णाला पुष्कळ दिले आहे, असे आपण ऐकतो. ते खरेही आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. मात्र सर्वांना पूर्णतः मोफत दिली जाणारी सेवा तिने बाहेर ठेवली, म्हणजे ज्या प्रकारच्या सेवेवर आमचा पाड्यावरचा रुग्ण प्रामुख्याने विसंबतो तीच. 2008 मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. 2021 मध्ये राज्याच्या सुधारित नियमांनी नोंदणीकृत खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. हे सारे आवश्यकच आहे. पण संमतीपत्रावर अंगठा उमटवणाऱ्या स्त्रीला त्या पत्रातले एक वाक्यही तिच्या भाषेत कोणी सांगितले नसेल, तर त्या अंगठ्याला आपण संमती म्हणायचे की शाईचा डाग? हक्काची भाषा आणि हक्कदाराची भाषा वेगळी असली की मध्ये नेहमी कोणीतरी उभा राहतो. आणि मधला माणूस सारांश काढतो.

या मधल्या माणसाविषयी आमच्या जिल्ह्याच्या साहित्याने आम्हाला फार पूर्वीच सावध केले होते. शहादे परिसरातील श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आलेले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आमच्यापैकी अनेकजण वर्गात शिकवतात. ज्यांचे दुःख ते खाली बसलेले आणि ते दुःख सांगणारे दुसरेच कोणी व्यासपीठावर, ही त्या कवितेतील स्थिती. आम्ही तिच्यावर प्रश्न काढतो, ‘आदिवासी जाणिवेचे स्वरूप स्पष्ट करा’ असे म्हणतो, दहा गुण ठेवतो. दवाखान्यातला तो भाचा ही कविता शिकलेला होता. आणि आम्ही ती शिकवलेली होती. तरीही त्या टेबलाजवळ तो नकळत त्याच व्यासपीठावर चढला. कविता पाठ होते आणि स्थिती तशीच राहते, याला अध्यापनाचे यश म्हणता येणार नाही.

मग रुग्ण बोलू लागतो तो केव्हा? याचे एक उत्तर याच जिल्ह्यात मिळाले आहे. 2007 मध्ये राज्यातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि नंदुरबार. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर आपले अनुभव मांडायचे, अशी त्याची पद्धत. या प्रयोगाचे गुणदोष तज्ज्ञ सांगतील. आम्हाला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. टेबलासमोर एकटी असताना जी बाई ‘हो’ पलीकडे बोलत नाही, ती मांडवात आपल्या गावाच्या माणसांत बसलेली असताना उभी राहून सांगू शकते. तिला भाषणकलेचे शिक्षण मिळालेले नसते. बदललेली असते ती जागा, सोबत आणि ऐकणाऱ्याची बाध्यता. आत्मविश्वास हा स्वभावाचा गुण आहे असे आपण समजतो आणि तो नसलेल्याला दोष देतो. प्रत्यक्षात तो बराचसा परिस्थितीचा गुण आहे. बडव्यासमोर तीच बाई तास-तास बोलते, कारण तेथे तिची भाषा आहे, तिची माणसे आहेत आणि कोणी घड्याळ पाहत नाही. बडव्याचे उपचार आम्हाला मान्य नाहीत, आणि त्याच्या बोलण्यातून एखादी निरपराध स्त्री डाकीण ठरते तेव्हा तर ते अमानुषच होतात. पण त्याच्या अंगणात रुग्णाला का बोलता येते, हे समजून न घेता केवळ अंधश्रद्धेवर व्याख्याने देऊन काही साधणार नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्या-शिक्षकांनी यात काय करावे, हे सांगितल्याशिवाय हा लेख संपवणे म्हणजे पुन्हा व्यासपीठावरच उभे राहणे होय. आमच्या मते तीन कामे आमच्या आवाक्यातली आहेत. पहिले, शब्दसंग्रह. आमच्या प्रत्येक वर्गात पावरी, मावची, देहवाली, अहिराणी बोलणारी मुले आहेत. त्यांनी आपापल्या घरून दुखण्याचे, शरीराच्या अवयवांचे, काळवेळेचे शब्द गोळा करावेत. आज्यांकडून, दाईंकडून, आशाताईंकडून. प्रत्येक शब्दाशेजारी तो वापरलेले एक पूर्ण वाक्य असावे, कारण सुटा शब्द फसवतो. प्रकल्पलेखनात आम्ही नाहीतरी पुस्तकांतून पुस्तके काढतोच. त्याऐवजी हे झाले तर त्याची प्रत वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि प्रत्येक आरोग्य केंद्राच्या टेबलावर ठेवता येईल.

दुसरे काम, मध्ये उभे राहण्याचे शिक्षण. आमचे विद्यार्थी दुभाषे होणारच आहेत. शिकलेल्या मुलाला घरातले सारे दवाखान्यात घेऊनच जातात. त्याला शिकवायचे ते असे: सारांश काढू नकोस. जे ऐकलेस ते त्याच क्रमाने सांग. ‘ती म्हणते’ असे म्हणण्याऐवजी तिच्याच तोंडून, ‘मी’ म्हणून सांग. डॉक्टर थांबवतील तेव्हा नम्रपणे म्हण, “साहेब, अजून थोडं आहे.” तुला जे निरर्थक वाटते ते निरर्थक आहे की नाही, हे तुला ठरवायचे नाही. आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलेले रुग्णाकडून त्याच्या भाषेत परत वदवून घे. ‘कळलं का?’ असे विचारायचे नाही. विचारायचे असे, की ‘घरी गेल्यावर सासूला काय सांगशील?’ त्या उत्तरातून काय पोहोचले आणि काय वाटेत सांडले ते कळते.

तिसरे काम खुद्द रुग्णाच्या हाती काही देण्याचे. फार नको, तीन प्रश्न पुरेत. मला काय झाले आहे? मी काय करायचे? ते का करायचे? जगात अनेक ठिकाणी रुग्णांना हे तीनच प्रश्न शिकवतात, कारण ते लक्षात राहतात. ते आमच्या बोलींत, बायकांच्या बैठकीत, बाजाराच्या दिवशी, पथनाट्यातून सांगता येतील. जाण्याआधी घरीच एकदा सांगून पाहावे: कोठे दुखते, कोणत्या सणापासून, कशाने वाढते, कशाने थांबते, घरात आणखी कोणाला असे झाले होते का. जुने कागद आणि उरलेल्या गोळ्या सोबत न्याव्यात. आणि शक्यतो एकटे जाऊ नये.

एक आक्षेप आम्हाला दिसतो. चार-पाच मिनिटांचे कथन जसेच्या तसे सांगितले तर रांगेतल्या पन्नासाव्या रुग्णाचे काय? आक्षेप खोटा नाही. डॉक्टरांची संख्या वाढल्याविना त्याला पूर्ण उत्तर नाही आणि ते आमच्या हाती नाही. परंतु त्या मुलाच्या बाबतीत हिशेब मांडून पाहावा. पहिल्याच भेटीत पाच मिनिटे दिली असती तर पुढच्या दोन खेपा, दोनदा उतरलेला डोंगर आणि त्या मुलाने सोसलेल्या कित्येक रात्री वाचल्या असत्या. न ऐकल्याने वेळ वाचतो, हा समज रांगेच्या अलीकडे बसलेल्याचा आहे.

आमचे विद्यापीठ 2018 पासून बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. त्या म्हणत गेल्या आणि सोपानदेव व त्यांच्या एका आप्ताने ते लिहून घेतले, त्यांच्याच बोलीत. 1952 मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हा अत्रे यांनी त्यांचे केवढे स्वागत केले हे सर्वांना ठाऊक आहे. तेथेही एक मधला माणूस होता. त्याने आईच्या बोलण्याची लाज धरली नाही, त्याचे प्रमाणीकरण केले नाही, त्यातले पाल्हाळ गाळले नाही. त्याने सारांश काढला असता तर मराठीला एक कवयित्री मिळाली नसती, आणि काय हरवले हेही कोणाला कळले नसते.

तो विद्यार्थी आता मावशीबरोबर जातो तेव्हा वही घेऊन जातो. ती बोलते आणि तो लिहितो, पावरीतच, देवनागरी अक्षरांत. आदल्या रात्री घरी बसून लिहिलेले ते पान तो डॉक्टरांसमोर मराठीत वाचून दाखवतो. परवा त्याने ते आम्हाला दाखवले आणि विचारले, “सर, हे किती शब्दांत बसवू?” आम्ही म्हटले, जेवढे तिने सांगितले तेवढ्यात.